हिराबाय आणि त्यांची खरी मुंबई

मुंबईच्या एका सिनेमा कंपनीने ठाण्याच्या खाडीकाठच्या शिरवणे गावातल्या हिराबाय धवलारणीला फसवलं. तो व्यवहार माझ्यामार्फत झाला होता, त्यामुळे कोणी काय कबूल केलं आणि कोणी काय मोडलं हे मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या मध्यस्थीत काही कच्चं राहिलं असं ज्याला म्हणायचं असेल त्याने समोर येऊन म्हणावं. मी आयुष्यभर मीठ, रेती आणि विटा विकल्या आहेत. कच्चा सौदा मी कधी केला नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारच्या पुरवणीत त्या सिनेमावर पानभर लेख आला. लेखकाने लिहिलंय की पडद्यावर इतकी खरी मुंबई त्याआधी कोणी दाखवली नव्हती. सोबत फोटो आहे. मांडवाखाली एक बाई उभी आहे, कपाळावर गोंदण, डोळे मिटलेले, तोंड उघडलेलं. खाली ओळ छापलीय, 'मुंबईच्या झोपडपट्टीतील एक वृद्धा'. ती वृद्धा म्हणजे हिराबाय. तेव्हा तिने पन्नाशी गाठली नव्हती, आणि ती जिथे उभी होती तिथून मुंबईला जायचं तर आम्हाला भरती बघून मचवा सोडावा लागे.

तो लेख वाचून मी हे लिहायला बसलो. बाई कोण होती हे आता मीच सांगतो.

आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी असला तरी चालतो, नसला तरी चालतो. धवलारीण नसेल तर लग्न लागत नाही. मांडव उभारल्यापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून पोर सासरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवला असतो, आणि तो गाणारी बाई ती धवलारीण. हिराबायने आपल्या सासूकडून धवले घेतले होते. घेतले म्हणजे सासूमागे मांडवात उभी राहून. घरात शिकायचं नाही, कारण धवला लग्नाशिवाय तोंडातून काढायचाच नाही, असा त्यांच्या घरचा नेम होता. मिठागरात पाठीवर टोपली घेऊन बाया गाणी म्हणत. हिराबायही म्हणे, पण ती दुसरी गाणी. धवल्याची चालसुद्धा ती कधी गुणगुणली नाही.

आळीतल्या पोरी बाहुला-बाहुलीचं लग्न मांडत आणि तिला बोलवायला जात. ती कमरेवर हात ठेवून विचारी, "बाहुलीला टाकली त कोन सांभालील? तू?" पोरी मागे सरत. "मंग नाय. धवला गायला का लगीन लागतं. मंग ती मानसं असोत नाय त चिंध्या."

दिसायला उंच होती. मिश्रीने दात काळे. चालताना पुढे बघायची, खाली नाही, त्यामुळे मिठागरांच्या बांधावर दोनदा पाय घसरून पडली होती आणि दोन्ही वेळा तिने बांध घालणाऱ्याला शिव्या दिल्या होत्या. जेवायला सगळ्यांच्या आधी बसायची. लग्नघरात तिचं ताट पहिलं वाढलं नाही तर ती बोलत नसे. नुसती दारात जाऊन उभी राहायची. तिचं हे उभं राहणं सगळ्या खाडीकाठाला माहीत होतं. धवल्याचं मानाचं लुगडं द्यायला कोणी का-कू केली की ती त्याच्या दारात उभी. भांडण नाही, मागणी नाही, शेजारीण विचारायला आली तर म्हणायची, "उभी हाय." संध्याकाळच्या आत लुगडं निघायचं. मी शेकडो व्यापाऱ्यांशी घासाघीस केली, बहुतेकांना खाली आणलं. हिराबायपुढे मी कधी तोंड उघडलं नाही. न बोलणाऱ्याशी घासाघीस करता येत नाही.

मुंबई तिला नवी नव्हती. आमची पुष्कळ माणसं गिरण्यांत लागली होती, परळ-लालबागच्या चाळींत राहत होती, आणि त्यांच्या पोरींची लग्नं लावायला हिराबाय माझ्या मिठाच्या मचव्यातून भाऊच्या धक्क्याला यायची. परत आल्यावर बाया विचारत, "बाय, मुंबई कशी हाय?"

"जिना हाय," ती म्हणायची. "चढाचं, लगीन लावाचं, उतराचं."

सिनेमा तिने पहिल्यांदा पाहिला तो बेलापुरात. भात कापून झालं की तिथल्या रिकाम्या शेतात तंबू लागायचा. जमिनीवर बसायचं, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, मागे मशीन, पुढे पडदा आणि पडद्याच्या बाजूला भोंगा. त्या दिवशीचा सिनेमा मुंबईचाच होता. बेकार तरुण मुंबईत नोकरी शोधत फिरतो असं काहीतरी. हिराबाय पुढे बसली होती आणि तिचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं.

"यो बेकार हाय ना? मंग याची खोली आपल्या खोताच्या पडवीपरीस मोठी कशी?"

थोड्या वेळाने, "ह्या मुंबईन कोनी भाकर भाजत नाय. चुलीचा धूर नाय कवा."

मग नायक-नायिका रात्रीच्या चकचकीत रस्त्यावरून गात गेले आणि त्या रस्त्यावर एकही माणूस झोपलेला नव्हता, तेव्हा ती म्हणाली, "सगल्यांना उठवून गावाला धाडलं वाटतं."

लोक पडद्यापेक्षा तिलाच जास्त हसत होते. तंबूवाल्याने दोनदा बॅटरी मारली. चौथ्यांदा ती बोलली ते शेवटी. नायक-नायिका एकमेकांकडे बघतात, हार घालतात, आणि पुढच्या क्षणी त्यांच्या घरात पाळणा.

"लगीन लावलं कोनी?" तिने विचारलं.

पुन्हा हशा झाला. पण परतताना बांधावरून आम्ही आठ-दहा जण चालत होतो तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती गंमत करत नव्हती. ती खरंच काळजीत होती.

"दामू," ती मला म्हणाली, "ती पोर आता कोनाला इचारील?"

"कुठली पोर, बाय?"

"सिनेमातली. उद्या त्यानं टाकली त ती कोनाच्या दारान जाईल? मी ज्या पोरीचं लगीन लावते ती माज्या दारान येते. तू लावलंस ना, तू बोल, असं बोलते. मना जावं लागतं तिच्या सासरी. हिचं कोन हाय?"

अशी ती खरंच जायची. तळोज्यापासून दिव्यापर्यंत कितीतरी घरांत ती नुसती दारात उभी राहून आली होती आणि टाकलेल्या पोरी पुन्हा नांदत होत्या. धवला गाणं हे तिच्या कामातलं सोपं काम होतं.

सिनेमा कंपनी आमच्याकडे आली ती त्यानंतर काही वर्षांनी. तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्याला पहिले कारखाने उभे राहत होते आणि माझा विटांचा धंदा नुकता सुरू झाला होता. कंपनीचा मॅनेजर गिरगावातला, गोड बोलणारा. त्याच्यामागे दिग्दर्शक, जाड चष्मा, फार कमी बोलायचा, आणि बोलला की "असलियत" हा शब्द यायचाच. मॅनेजरने मला गाठलं, कारण गावात जागा, बैलगाडी, होडी, माणसं, काहीही लागलं तर लोक माझं नाव सांगत.

"काका, मुंबईतल्या गरीब वस्तीचा सीन आहे. लग्नाचा," तो म्हणाला.

"मग मुंबईत घ्या."

"तिथे कुठे हो. वर विजेच्या तारा, मागे नव्या बिल्डिंगा, गर्दी आवरता आवरत नाही. मुंबई मुंबईत खरी वाटत नाही. इथे कशी उघडी खाडी आहे, झोपड्या आहेत. साहेबांना एकदम खरी मुंबई दाखवायची आहे."

हे मी हिराबायला सांगितलं तेव्हा ती ओटीवर सुकट निवडत होती. म्हणाली, "मुंबई खरी व्हवाला शिरवन्याला आली."

त्यांना खोटं लग्न हवं होतं आणि त्यात धवला हवा होता. कोणाकडून तरी ऐकलं होतं. हिराबायने साफ सांगितलं, नवरा-नवरी नसतील तर धवला नाही. मॅनेजर म्हणाला, नुसते ओठ हलवा. ती म्हणाली, "तसं बोईट मासा हलवतो, पान्यातून काडल्यावं. त्याला उभा कर."

मॅनेजर दोन दिवस खेपा घालत राहिला. शेवटी तोड मी काढली. आमच्या गावच्या धायाची पोर येसू ऐरोलीच्या काशिनाथला दिली होती, लग्न ठरलेलं होतं. मी म्हटलं, खऱ्या लग्नाचाच सिनेमा घ्या. मांडव कंपनीचा, जेवण कंपनीचं. धाया खूश, ऐरोलीवाले खूश. काशिनाथची आई बारकूबाय हिला तर आपण पडद्यावर दिसणार याचंच अप्रूप. तिने त्यासाठी शेजारणीच्या पाटल्या मागून आणल्या. हिराबाय तेवढी लगेच हो म्हणाली नाही. तिने दोन अटी घातल्या. एक, धवला सुरू झाला की मधे तोडायचा नाही, आणि सिनेमात दाखवाल तेव्हा पुरता दाखवायचा. दुसरी, येसूच्या बाजूच्या पाटावर काशिनाथशिवाय दुसरा कोणी बसता कामा नये.

"हे काय सांगायला पाहिजे," मॅनेजर म्हणाला.

"सांगाला पायजे म्हनून सांगतंय."

आमच्या मिठागरांत सौदा मिठावर होतो. मुठीएवढं मीठ केळीच्या पानावर ठेवायचं, त्यावर हात ठेवून बोलायचं. ते मीठ मग खाडीत सोडतात. मिठावरचा शब्द मोडलेला मी माझ्या बापाच्या वेळचा एक ऐकलाय, आणि तो माणूस गाव सोडून गेला होता. मॅनेजरने मिठावर हात ठेवला. हिराबायच्या दोन्ही अटी त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटल्या. दिग्दर्शक बाजूला उभा राहून बघत होता आणि त्याला ते इतकं आवडलं की हे पण सिनेमात घेऊ या म्हणाला. मी म्हटलं, हे सिनेमात नाही, हे खरं आहे.

लग्नाच्या दिवशी सकाळीच मोठमोठे पांढरे पत्रे उन्हात धरून माणसं उभी राहिली. येसूचे डोळे दिपत होते. ती बिचारी आधीच रडवेली, त्यात समोर मशीन. हिराबाय मांडवात येऊन उभी राहिली, डोळे मिटले आणि सुरू झाली. तिचा आवाज गोड नव्हता. मचव्याचं शीड वारा धरतं तेव्हा दोर ताणून करकरतो, तसा होता. पण तो लागला की मांडवातल्या बाया आपोआप सरळ बसत.

निम्म्यावर आली असेल, तोच दिग्दर्शक ओरडला, "कट." ढग आला होता. मशीन थांबलं. माणसांनी पत्रे खाली ठेवले, विड्या काढल्या. हिराबाय गातच होती. मॅनेजर पुढे आला, "आजी, थांबा, ऊन गेलंय." तिने डोळे उघडले नाहीत. देवांची नावं झाली, गावाची झाली, दोन्ही घराण्यांची झाली. शेवटी तिच्या धवल्यात एक जागा यायची तिथे ती आली. तिथे ती गाणं थांबवून नवऱ्याच्या आईकडे वळायची आणि साध्या बोलण्यात विचारायची, पोर पदरात घेतलीस का. आईने सगळ्यांदेखत उत्तर द्यायचं. ते आलं की तांदूळ पडायचे आणि लग्न लागायचं.

"बारकूबाय, पोर घेतलीस का?"

"घेतली," बारकूबाय म्हणाली, आणि पाटल्या दिसाव्यात म्हणून हात वर केला. मशीन बंद होतं.

ऊन परत आल्यावर दिग्दर्शकाने सांगितलं, आता पहिल्यापासून. हिराबाय पानसुपारी घेऊन बसली होती. "लगीन लागलं," ती म्हणाली. "एका पोरीला मी दोनदा बांधत नाय."

त्यांनी येसू निघतानाचं रडणं घेतलं, पुष्कळ घेतलं. वरात होड्यांतून ऐरोलीला गेली. मॅनेजर म्हणाला, मांडव उद्यापर्यंत असू द्या, थोडं रिकाम्या मांडवाचं घ्यायचं आहे. दुसऱ्या दिवशी मी मीठ घेऊन धक्क्याला गेलो होतो. गावात जे होते त्यांनी नंतर सांगितलं की कंपनीने एक म्हातारा आणला होता, दारू प्यायल्यासारखा झुलणारा, तोंडात दात नाहीत, कपाळाला मुंडावळ्या. तो पाटावर बसून हसत होता. लोकांना वाटलं, असेल काही गंमत. धायाने त्याला चहा दिला.

सिनेमा ठाण्याला लागला तेव्हा ऐरोलीचे लोक आधी बघून आले. मग बारकूबाय पाटल्या दिसतात का बघायला म्हणून मुद्दाम गेली.

पाटल्या दिसल्या नाहीत. ती दिसली नाही, काशिनाथ दिसला नाही. मुंबईच्या झोपडपट्टीत एक बाप आपली कोवळी पोर दारुड्या म्हाताऱ्याला देतो, असा तो सीन होता. पोर म्हणजे आमची येसू. ती रडते, मग तो म्हातारा हसतो, मग पुन्हा ती रडते. हिराबायचे ओठ हलतात आणि त्यातून कुठल्यातरी स्टुडिओतल्या गायिकेचं नाजूक दुःखी गाणं येतं, मागे सारंगी. नायक लांबून हे बघतो आणि मुंबई किती निर्दय आहे यावर भाषण करतो.

आज कोणीही म्हणेल, तुकडे जोडलेत, त्यात काय. तेव्हा आमच्याकडे हे कोणाला ठाऊक होतं? बारकूबायला माहीत होतं की लग्न काशिनाथशी लागलं, ती स्वतः तिथे होती. पण तिने डोळ्यांनी बघितलं की सून दुसऱ्याच्या बाजूला मुंडावळ्या बांधून बसलीय, आणि ठाण्याच्या त्या थेटरात बसलेल्या सगळ्यांनी बघितलं. माणसं तिला रस्त्यात विचारू लागली, म्हातारा कसा आहे. काशिनाथला कारखान्यात म्हातारा म्हणून हाक मारू लागले. एक दिवस येसू ट्रंक घेऊन धायाच्या दारात आली. नंतर लावणी झाली, गौरी-गणपती झाले, तिला न्यायला कोणी आलं नाही.

येसू हिराबायकडे गेली. काय म्हणाली ते मी ऐकलेलं नाही. हिराबाय माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मचवा काड."

कंपनीचं ऑफिस दादरला होतं. मॅनेजरने ओळखलं, चहा मागवला. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाहेरच्या खोलीतली माणसं उठून आत आली एवढं सांगतो. तो मात्र थंड होता.

"काका, सिनेमा आहे तो. तुमचं लग्न कुठे आहे त्यात? ती मुंबई आहे. पेपरवाल्यांनी काय लिहिलंय वाचलंत का? खरी मुंबई. साहेबांना बक्षीस मिळणार आहे."

"बाय, तुम्ही सांगा याला," मी म्हटलं.

हिराबाय खुर्चीवर बसलीच नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघत होती. "मिठावं हात कोनाचा व्हता?"

"तो कंपनीच्या वतीने," मॅनेजर म्हणाला.

"कंपनीला हात हाय का?"

तो हसला. मग ती दारात जाऊन उभी राहिली. पण ते दादर होतं. माणसं तिला वळसा घालून आत-बाहेर करत राहिली, कोणी विचारायला आलं नाही. दिवेलागणीला ऑफिसला कुलूप लागलं. तिचं उभं राहणं फुकट गेलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं. धक्क्याकडे येताना ती एवढंच म्हणाली, "हिथं शेजारीन नाय. उभं राऊन काय उपेग."

भात कापून झालं आणि बेलापूरला तंबू लागला. त्यात नेमका तोच सिनेमा आला. धाया म्हणाला, दोन दिवस गाव सोडून जातो. हिराबाय म्हणाली, कुठे जायचं नाही, येसूला नवं लुगडं नेसव. मग ती एकटी ऐरोलीला गेली आणि बारकूबायच्या दारात उभी राहिली. तिथे शेजारणी होत्या. दुपारपर्यंत बारकूबाय कबूल झाली, की काशिनाथला घेऊन बेलापूरला येईन. सिनेमा पुन्हा बघायला काय, एवढंच ना.

तंबू गच्च भरला होता. आसपासच्या सगळ्या गावांना कळलं होतं की यात शिरवणे आहे. हिराबाय पुढे बसली, बाजूला येसू. मी मागे मशीनजवळ होतो, कारण हिराबायने मला तिथे बसायला सांगितलं होतं. कशाला ते सांगितलं नव्हतं. सिनेमा सुरू झाला आणि ती काही बोलेना. मोठ्या मोटारी गेल्या, बंगले आले, समुद्राकाठचे दिवे आले, तरी गप्प. लोक मान वळवून तिच्याकडे बघत होते.

मग आमचा मांडव आला. येसूचा चेहरा पडद्याएवढा झाला. कोणीतरी शिट्टी मारली. म्हातारा आला आणि पुरुषांच्या बाजूने एक जण ओरडला, "ऐरोलीचा जावय." हिराबायचे ओठ हलले आणि सारंगी सुरू झाली.

ती उठली. पडद्यापुढे जाऊन आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. उजेड तिच्या अंगावर पडला. तिच्या लुगड्यावर म्हाताऱ्याचं हसू हलत होतं. तंबूवाला बॅटरी घेऊन धावला. ती त्याला म्हणाली, "लगीन चाललंय ना? मंग धवला कुठं हाय?"

आणि तिने जिथे त्या दिवशी "कट" ओरडले होते तिथून पुढे सुरुवात केली.

मला का मागे बसवलं ते तेव्हा कळलं. मी मशीनवाल्याला म्हटलं, "भोंगा बंद कर. नाहीतर भोंग्यासकट तुला खाडीत घालीन." त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बंद केला. चित्र चालू राहिलं. सारंगी गेली आणि तो करकरणारा आवाज तंबूत भरला. ज्यांनी शिट्टी मारली होती ते खाली बसले. बाया सरळ बसल्या.

सीन संपला, सिनेमा पुढे गेला. धवला लांब असतो. नायक भाषण करून गेला, नायिका जिन्यावरून उतरली, टांगे, ट्रामगाड्या, समुद्र, हॉटेलात नाचणाऱ्या बाया, सगळी मुंबई तिच्या अंगावरून आवाजाशिवाय जात होती आणि ती शिरवण्याच्या गावदेवीचं नाव घेत होती. मधे तिने हात वर करून येसूला पडद्यापुढे घेतलं. काशिनाथ पुरुषांतून उठला, त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि येसूच्या बाजूला जाऊन उभा राहिला. उजेडात दोघांनाही डोळे उघडता येत नव्हते.

शेवटची जागा आली. हिराबाय थांबली. उजेडामुळे तिला समोरचं काही दिसत नसणार, पण ती बरोबर तिकडे वळली.

"बारकूबाय, पोर घेतलीस का?"

मशीनचा खरखर आवाज तेवढा येत होता. बारकूबायने पदर सारखा केला. शेजारच्या बाईने तिला कोपराने ढोसलेलं मी बघितलं.

"एकदा घेतली बोल्ले ना," ती शेवटी म्हणाली. "कितींदा घेऊ?"

तंबू हसला. तांदूळ कुठले असणार. कोणीतरी पुडीतले कुरमुरे टाकले, मग सगळ्यांनीच टाकले, चणेसुद्धा. हिराबायने केसांतले कुरमुरे झटकले आणि तंबूवाल्याला म्हणाली, "माजं झालं. तुजं चालू दे." मग खाली बसून तिने उरलेला सिनेमा शेवटपर्यंत बघितला. येसू त्याच रात्री बैलगाडीतून ऐरोलीला गेली. आज तिचे नातू तिथल्या काचेच्या इमारतींतल्या कंपन्यांत कामाला आहेत आणि ट्रंक अजून तिच्या घरात आहे.

हिराबायला मी शेवटचं बघितलं ते साठचं दशक सरता सरता. गावात तेव्हा मोजणीवाले येऊ लागले होते. आमच्या जमिनींवर मोठं शहर होणार आणि त्याच्याही नावात मुंबई असणार, असं बोललं जात होतं. एक शिकलेला मुलगा टेपरेकॉर्डरची पेटी घेऊन तिच्या ओटीवर बसला होता. चांगला होता बिचारा. त्याला धवले जपून ठेवायचे होते. ती आजारी होती, आवाज बसला होता. तिने पेटीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"नवरा कोन?" तिने विचारलं.

"नवरा नाही, आजी. नुसतं रेकॉर्ड करायचंय."

"मंग पोर कोन घेनार? तुजी पेटी?"

तो हसला आणि पुन्हा येतो म्हणून गेला. ती त्याला बघायला दारात येऊन उभी राहिली, एक हात चौकटीवर, मान सरळ, खाली न बघता. मी बांधावरून निघालो तेव्हाही ती तशीच उभी होती. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

तिचा धवला आता कुठेही नाही. ज्या एका मशीनने तो टिपला असता ते निम्म्यावर बंद केलं गेलं, आणि जो निम्मा टिपला होता तो काढून टाकून त्या जागी सारंगी घातली. आणि त्याला खरी मुंबई म्हणतात. पुरवणीतल्या लेखकाला मी पत्र पाठवलं, उत्तर नाही. दिग्दर्शक गेला, मॅनेजर कुठे आहे माहीत नाही. पण कंपनी आहे. तिच्या नावाची पाटी आजही सिनेमाच्या सुरुवातीला दिसते, आणि तो सिनेमा अजून विकला जातो, दाखवला जातो, त्यावर भाषणं होतात. म्हणजे त्यात फायदा घेणारं कोणीतरी आहे. मिठावर ठेवलेला हात त्याच्याकडेच वारशाने आला असणार.

त्याला मी इथे सगळ्यांदेखत विचारतो. येसू दिसली, धायाच्या दारचा मांडव दिसला, आमची खाडी दिसली, हिराबायचे ओठ दिसले. मुंबई म्हणून हे सगळं तुम्ही नेलंत. घेतलंत का? बारकूबायने रागाने का होईना, उत्तर दिलं होतं. तुमच्यातल्या कोणीतरी उठून द्या. मी उभा आहे.